दगड आणि किलो

आमच्या लानेथ्लीत माणसाचं वजन अजून दगडांत मोजतात.
चौदा पौंडांचा एक दगड.
मंगळवारी संध्याकाळी, चॅपलच्या मागच्या हॉलमध्ये,
बूट काढून, काहीजणी तर कानातलेसुद्धा काढून,
आम्ही रांगेत उभ्या राहतो
आणि एर्लिस कबुलीजबाब घेतल्यासारखी पुटपुटते:
तेरा दगड, दोन पौंड, मेना.

इस्पितळात मात्र किलो.
गुरुवारी सकाळी माझ्या भावाला, इद्वालला,
चाकांच्या खुर्चीत बसवून तोलतात,
पायथ्याच्या तक्त्यावर आकडा चढवतात.
चढवतात म्हणायचं. उतरतोच.

बसमध्ये मी तिकिटाच्या मागे हिशेब करते,
किलोंचे दगड, दगडांचे किलो.
नाताळात तो माझ्याहून चार दगड जास्त होता.
ईस्टरला आम्ही बरोबरीत आलो.
आता मी पुढे आहे.

हा तोच इद्वाल,
जो रग्बीच्या पहिल्या फळीत खांदा लावून वाकला
की समोरच्यांचे बूट चिखलात मागे सरकायचे.
पत्र्याच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आला
की तिसऱ्या, बेकन आणि सहा अंडी
एकदमच तव्यावर टाकायचा.
मला "जाडे" म्हणून हाक मारायचा,
आणि दुसऱ्या कुणी तसं म्हटलं तर त्याचं नाक फोडायचा.

डॉक्टरांनी त्याचं दोन तृतीयांश पोट काढलं.
"तुला हवं होतं ना असलं काही?" शुद्धीवर आल्यावर म्हणाला.
"मला फुकटात मिळालं बघ."

दिवसातून सहा वेळा खायचं त्याने, दोन-दोन घास.
खाल्लेलं अंगी लागत नाही.
उरलेलं कस्टर्ड, पिवळं, वर साय धरलेलं,
टाकवत नाही म्हणून मी संपवते.
ते लागतं.
त्याच्या वाटचं, माझ्या अंगी.

रात्री नऊनंतर कॉरिडॉरमधलं यंत्र
नाणं गिळतं आणि चॉकलेट खाली पाडतं.
भूक नसते.
हातांना काहीतरी उघडायला हवं असतं.
एर्लिसच्या वहीत याला कोणता रकाना?

मे महिन्यातल्या एका मंगळवारी माझे पाच पौंड उतरले.
टाळ्या झाल्या. चंदेरी चांदणी चिकटवली कार्डावर.
"काय केलंस, सांग तरी," ग्वेनलियन म्हणाली.
त्याचा ताप उतरत नव्हता.
मी चार दिवस त्याच्या उशाशी खुर्चीत होते,
चहावर.
"पाव सोडला," मी म्हणाले.
दोघीतिघींनी लिहून घेतलं.

घरी येऊन ती चांदणी नखाने खरवडली.
निम्मीच निघाली.

मग जुलैत नर्स रोसालिंडा म्हणाली, दोनशे ग्रॅम.
वर.
तिने खुर्ची शून्यावर आणली, पुन्हा तोललं.
दोनशे ग्रॅम.
एका सफरचंदाएवढा माझा भाऊ परत आला होता.

"आता तू," तो म्हणाला.
"मी कशाला?"
"बस, जाडे."
बसले. कोट अंगात, पिशवी मांडीवर, बूट पायांत.
आकडा त्याने मोठ्याने वाचला,
सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा,
आणि खिडकीजवळचे प्रॉसर आजोबा,
जे आठवडाभर कुणाशी बोलले नव्हते,
त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मंगळवारी मी अजून जाते.
गुडघे माझे आहेत, त्याचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे,
आणि त्याला धरून जिना चढवायचा
तर माझ्या कंबरेने दगा देऊन चालणार नाही.
फक्त बूट आता काढत नाही.
एर्लिस भुवई उंचावते.
"यात बुटांचं वजन येतंय, मेना."
असू दे, मी म्हणते.
लिही.